पाचवी बाई

बस यायला अजून आठ मिनिटं आहेत असं थांब्यावरच्या पाटीवर दिसलं, म्हणून ताईनं पिशवी खाली ठेवली, मान जरा मोकळी केली आणि उजवीकडे पाहिलं, तर थांब्यावरच्या जाहिरातीच्या काचेमागून पाचवी बाई तिच्याकडे बघत होती. माणसाच्या उंचीएवढा नुसता चेहरा. निघता निघता मागं वळलेला, हनुवटी खांद्याला टेकलेली, ओठ मिटलेले, आणि डोळे असे, की आपण घरी काय विसरून आलो ते समोरच्यानं आठवायला लागावं. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘हजार वर्षांपूर्वीची एक नजर. नवं दालन, रविवारपासून सर्वांसाठी खुलं.’ हजार वर्षांचा त्या चेहऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. अडतीस वर्षांपूर्वी, डोंगरातल्या एका पडक्या दालनात, मांडीवर फळी घेऊन ताईनं स्वतः तो काढला होता. आणि ज्या बाईचा तो चेहरा होता ती या घडीला तिच्या शेजारी उभी राहून मटारच्या पिशवीला भोक पडलंय की काय ते तपासत होती.

“काय गं, ही कुणावर डाफरतेय?” धाकटीनं विचारलं.

“असेल कुणावर तरी.”

“कपाळ बघ कसं केलंय. घरी कुणी सुखानं जगू देत नसणार हिला.”

बस आली, दोघी चढल्या, धाकटीनं खिडकी धरली. आता स्वतःचा चेहरा माणसाला ओळखू येऊ नये हे ऐकायला नवल वाटेल, पण आपण आपल्याला पाहतो ते आरशात, समोरून, केस विंचरताना, म्हणजे जमेल तितकं शहाण्यासारखं तोंड करून. दारात उभं राहून जाणाऱ्याकडे बघताना आपण कसे दिसतो हे फक्त जाणाऱ्यालाच ठाऊक असतं. आणि ताई आयुष्यभर जाणारीच होती. वर्षातून दोन दौरे ठरलेले, कधी तीन. एकतीस वर्षं. नोकरीचं नाव कागदावर मोठं भारदस्त होतं, पण काम एका वाक्यात सांगण्यासारखं: जुन्या भिंतींवरची चित्रं पडून जायच्या आत कागदावर उतरवून घ्यायची, आहेत तेवढ्या मापाची, आहेत त्या रंगांची. फोटो निघायचे, नाही असं नाही, पण तेव्हाचे फोटो रंगाच्या बाबतीत सर्रास थापा मारायचे. म्हणून माणसं पाठवायचे. भिंतीसमोर दोऱ्यांची चौकट टांगायची, एकेक घर मोजायचं, एकेक घर उतरवायचं, आणि संध्याकाळी हातपाय आखडले की त्याच भिंतीच्या पायथ्याशी स्टोव्ह पेटवून बटाटे उकडायचे. लोक म्हणायचे, बाई माणूस, कुठं खडकांत राहते चार चार महिने. ताईला यात काय आनंद होता ते सांगून कुणाला पटलं नसतं. सकाळी पहिला तासभर ऊन तिरपं येतं, तेव्हा रंगावर कुंचल्याचे ओरखडे उठून दिसतात. हा फटकारा खालून वर मारलाय, इथं कुंचला कोरडा पडलाय, इथं मारणाऱ्यानं दम खाल्लाय. ज्याचं नाव-गाव कुणाला माहीत नाही असा माणूस त्या तासाभरात तिच्या शेजारी येऊन उभा राहायचा आणि ती त्याच्या मागोमाग हात फिरवायची. त्या एका तासासाठी तिनं घर सोडलं, लग्नाचं मनावर घेतलं नाही, गुडघे खराब करून घेतले, आणि यातल्या एकाचंही तिला वाईट वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोला.

मुळात तिला स्वतःची चित्रं काढायची होती. कलाशाळेत तिच्या मास्तरांनी तिचं काम बराच वेळ न्याहाळून सांगितलं होतं, “हात अगदी स्वच्छ आहे. पण तुला स्वतःचं काही सांगायचं आहे असं दिसत नाही.” मास्तर दुष्ट नव्हते, त्यांनी खरं तेच सांगितलं. तरी ते वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. स्वतःची म्हणून तिनं अकरा चित्रं काढली. ती पलंगाखाली गेली, त्यातल्या एकानं पुढं कोठीच्या फुटक्या खिडकीला तावदानाचं काम केलं, आणि ते काम त्यानं चोख केलं. त्यानंतर आली ही नोकरी आणि मोठे साहेब. मोठ्या साहेबांचा नियम एकच, पहिल्या दिवशी सांगितलेला, पुन्हा कधी सांगावा न लागलेला: भिंतीवर आहे तेवढंच घ्यायचं. जिथं गिलावा पडलाय तिथं सपाट राखाडी. नाक अर्धं असेल तर अर्धंच नाक. एका सहकाऱ्यानं एकदा कुणाच्या तरी पायाची तुटकी करंगळी पुरी केली होती, दयेपोटी म्हणा ना, तर साहेबांनी त्याला वर्षभर कार्यालयाच्या पाट्या रंगवायला बसवलं. ताईनं तो नियम प्राणापलीकडे जपला. राखाडीसुद्धा ती मन लावून करायची: खडूची पूड, दिव्याची काजळी आणि चिमूटभर पिवळी माती, म्हणजे ती मेल्यासारखी दिसत नाही.

घरी आल्यावर मटार सोलायला बसल्या तोवर फोन वाजला. संग्रहालयाच्या नव्या दालनाच्या प्रमुख बोलत होत्या, आवाज तरुण आणि घाईतला. “मॅडम, तुम्हाला शोधायला आम्हाला किती दिवस लागले म्हणून सांगू. प्रतीवर नावच नसतं ना तुम्हा लोकांचं.” शुक्रवारी येऊ शकाल का, दालन उघडायच्या आधी एकदा पाहून जा, आणि एक छोटासा कागद आहे, ही प्रत भिंतीवरून हुबेहूब उतरवली असं लिहिलेला, त्यावर सही हवी. पुस्तक निघतंय. त्यात एका अभ्यासकांनी नुसत्या त्या चेहऱ्यावर चाळीस पानं लिहिली आहेत. “ते मी तुम्हाला पाठवते. वाचा, तुम्हाला आवडेल.” ताई बरं म्हणाली. धाकटीनं विचारलं, कोण गं? ताई म्हणाली, जुनं कामाचं. धाकटीनं शेंग फोडली, दाणे मोजके निघाले म्हणून दुकानदाराला दोन शब्द ऐकवले आणि विषय संपला. नऊ वर्षं झाली होती दोघींना एकत्र राहायला लागून, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. आई गेल्यावर धाकटीनं एक खोली रिकामी करून दिली, ताईची ट्रंक माळ्यावर टाकली, आणि ‘आता जायचं नाही ना कुठं’ एवढं एकच विचारलं होतं. धाकटी जवळच्याच शाळेत शिकवायची. तीसेक वर्षं त्याच रस्त्यानं गेली आणि आली. आईचं औषधपाणी, आईची चिडचिड, आईचं शेवटचं दीड वर्ष अंथरुणात, हे सगळं तिनं केलं, आणि ते केल्याचं तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर ताईला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं.

डोंगरातल्या त्या भिंतीवर सात बाया होत्या. डोक्यावर गाठोडी घेऊन नदी उतरून जाणाऱ्या, एकामागं एक. सहा जणी पुढं बघतात, पाचवी तेवढी मागं वळलेली. तिचा चेहरा मात्र गिलाव्यासकट पडून गेलेला. राहिली होती हनुवटी आणि कानाजवळची केसांची एक बट. चार महिने ताईनं ती भिंत उतरवली, पाचवीच्या चेहऱ्याच्या जागी नियमाप्रमाणे राखाडी भरली, आणि काम संपलं त्या दिवशी निरोप आला की खाली रस्ता खचलाय, ट्रक यायला आठवडा तरी लागेल. बरोबरचा सहकारी तापानं आधीच खाली गेला होता. राहिली ती आणि एक राखणदार, जो दिवसातून चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन बकरीशी. टपाल मात्र पायवाटेनं आलं. त्यात धाकटीचं पत्र होतं: ‘आईचं बरं आहे. घराजवळच्या शाळेत जागा मिळाली, घेतली. लांबची होती ती सोडली. बाकी ठीक. तू काळजी करू नकोस.’ ताईनं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. लांबच्या जागेबद्दल धाकटी वर्षभर बोलत होती. समुद्राकाठची शाळा होती ती. आता ‘ती सोडली’ एवढ्या दोन शब्दांत तिचं सगळं आटोपलं होतं. ताईला एकदम दार दिसलं. निघायच्या दिवशीचं घराचं दार, आणि त्यात उभी धाकटी, सव्वीस वर्षांची, मान वळवून बघणारी, काहीही न बोलणारी. प्रत्येक दौऱ्याला हेच. त्या बघण्याखालून पळाल्यासारखी ताई जिना उतरायची आणि कोपऱ्यावर वळलं की तिला मोकळं वाटायचं, आणि मोकळं वाटल्याची लाज वाटायची.

हाताला काम नव्हतं. रंग घोटलेले होते. राखाडीची जागा समोर तळहाताएवढी रिकामी पडलेली. तिनं मनाशी म्हटलं, नुसतं बघू, सुकलं की पुसून टाकू; डिंकाचा रंग, ओल्या बोळ्यानं क्षणात निघतो. आणि ती बसली. हनुवटी होती तिथून वर, बट होती तिथून आत. मोजमाप नाही, दोऱ्यांची चौकट नाही, भिंतीवर उतरवायला काही नाही. आठ दिवस. त्या आठ दिवसांत ती जेवली किती आणि झोपली किती हे तिला सांगता येणार नाही, पण एवढं नक्की की तिचा हात स्वच्छ राहिला नव्हता. तो अडत होता, घसरत होता, पुन्हा मागं येत होता. मागोमाग जायला पुढं कुणीच नव्हतं. आणि आठव्या दिवशी धाकटी तिथं होती, अगदी ती, गाठोडं घेऊन निघालेल्या परक्या बाईच्या मानेवर. नवव्या दिवशी सकाळी खालून ट्रकचा भोंगा वाजला. चालक घाई करत होता. कागद गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यात भरायला अर्धा तास लागला, आणि चेहरा पुसायला पाच मिनिटं पुरली असती. वेळच नव्हता, असं ती पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आली. वेळ होता.

मोठ्या साहेबांनी कार्यालयात कागद उलगडला, सहा बाया भराभर पाहिल्या आणि पाचवीपाशी थांबले. ते त्या भिंतीसमोर एकदाच गेले होते, त्याआधी बारा वर्षं, भर दुपारी. “हा चेहरा होता?” त्यांनी विचारलं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर साहेबांनी सोलून काढलं असतं. तिला नुसतं विचारलं. “सकाळच्या तिरप्या उजेडात दिसतो, साहेब,” ती म्हणाली. किती सहज म्हणाली. साहेबांनी मान हलवली, ‘आपण दुपारी गेलो, चुकलंच’ असं काहीसं पुटपुटले आणि कोपऱ्यात सही केली. पुढल्या दौऱ्यात खरं सांगू, असं तिनं ठरवलं. मग त्याच्या पुढल्या. दोन वर्षांनी कडा कोसळला आणि ते दालन भिंतीसकट दरीत गेलं; साहेबही पुढं वारले. उरला तिचा कागद. ज्याची नक्कल होती तेच नाहीसं झालं म्हटल्यावर नकलेलाच लोक अस्सल म्हणायला लागले, आणि त्यात पाचवीला सगळ्यांत जास्त.

फोन आल्यानंतरचे दोन दिवस ताईनं एक वेड्यासारखी गोष्ट केली. औषधाचं, टपालाचं, कसलं ना कसलं निमित्त काढून ती त्या थांब्यावर जाऊन बसली आणि बसगाड्या सोडत राहिली. लोक येत, घड्याळ बघत, वैतागत, आणि मग त्यांची मान उजवीकडे वळे. एक जाडजूड गृहस्थ फोनवर कुणाला तरी फैलावर घेत होते, ते बघता बघता बोलायचेच थांबले. एक मुलगी उगाचच उठून काचेजवळ गेली आणि परत येऊन बसली. कुणाच्या तरी आजीनं नातीला सांगितलं, बघ, आईनं हाक मारली की असं वळून बघायचं असतं. ताईच्या कुठल्याही चित्रासमोर आजवर एक माणूस थांबला नव्हता, आणि या चेहऱ्यासमोर गावच्या गाव थांबत होतं. मास्तर असते तर त्यांना हाताला धरून आणलं असतं. तिला आनंद झाला, भरून आला तो आनंद, आणि त्याच्यापाठोपाठ भीती आली. कारण हिशेब सरळ होता. ती गप्प राहिली तर चेहरा जगणार होता, कुणा हजार वर्षांपूर्वीच्या उस्तादाच्या नावावर का होईना. ती बोलली तर तोच चेहरा एका चांगल्या प्रतीवरची खोड ठरणार होता, तुटक्या करंगळीसारखी, आणि त्या जागी राखाडी जाणार होती. जन्मभरात स्वतःचं म्हणावं असं तिनं एकच केलं होतं.

ती सही करून मोकळी झालीही असती. मनाची तयारी झाली होती. पण गुरुवारी चाळीस पानं आली. अभ्यासकांनी लिहिलं फार सुरेख होतं. ही बाई निघाली आहे की राहिली आहे हेच कळत नाही, शरीर जाणारीचं आणि चेहरा मागं राहणारीचा, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ताईनं त्या ओळीखाली नखानं रेघ ओढली. भल्या माणसानं बरोबर ओळखलं होतं, फक्त का ते त्याला माहीत नव्हतं. शेवटच्या पानावर मात्र बातमी होती. उत्तरेकडच्या एका भिंतीवर अशाच घराण्याची चित्रं आहेत, तिथल्या तीन बायांचे चेहरे झिजलेले आहेत, आणि सोमवारपासून ते पाचव्या बाईच्या नमुन्यावरून भरून काढायचं काम सुरू होतंय. भिंतीवर. खऱ्या भिंतीवर. ताईनं कागद खाली ठेवले. ती भिंत तिनं पाहिली होती, सकाळच्या उन्हात, तिथल्या माणसाचा हात तिला ठाऊक होता, जरा डावीकडे झुकणारा. त्याच्या झिजलेल्या रेघांवर आता आपली धाकटी बसणार.

“कुठं निघालीस?” शुक्रवारी धाकटीनं विचारलं.

“संग्रहालयात. मी उतरवलेलं एक चित्र लावलंय.”

“मग मी येते की. इतकी वर्षं नुसतं ऐकलं. तुझी भिंत एकदा बघू तरी.”

नको म्हणायला ताईला कारण सुचलं नाही. दालनात उजेड मंद होता. चौदा फुटांचा कागद काचेमागं पसरलेला, सात बाया, नदी, गाठोडी. दालनप्रमुख बाई कागद आणि पेन घेऊन लगबगीनं आल्या, दोघींना खुर्च्या दिल्या. ताई बसली नाही. “सही करता येणार नाही,” ती म्हणाली. “पाचवीचा चेहरा भिंतीवर नव्हता. तो मी काढलाय.”

प्रमुख बाई आधी हसल्या. “मॅडम, अडतीस वर्षं झाली. काही गोंधळ होत असेल तुमचा.”

“गोंधळ नाही. हनुवटी आणि कानाजवळची बट भिंतीची. बाकी माझं. भिंग असेल तर गालाच्या कडेला बघा, रंगाखाली राखाडी दिसेल.”

भिंग आणलं. प्रमुख बाईंनी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि त्याच मग खुर्चीवर बसल्या. सोमवारी तिकडे काम सुरू होतंय, त्या म्हणाल्या. म्हणून तर आले, ताई म्हणाली. प्रमुख बाईंनी तिथंच बसून एक फोन केला, मग दुसरा. काम थांबवा. छपाई थांबवा. नाही, कारण नंतर सांगते. त्यांचा आवाज रडवेला झाला होता आणि ताईला त्यांची दया आली. “आता त्या चेहऱ्याचं काय करायचं?” त्यांनी विचारलं. “नियमाप्रमाणे राखाडी,” ताई म्हणाली. म्हणताना तिचा आवाज हलला नाही, याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. प्रमुख बाईंनी भिंग खाली ठेवलं. “पण तुम्ही तो आणलात कुठून? असा चेहरा कुणी मनानं काढत नाही.” ताईनं मान वळवून शेजारी पाहिलं. प्रमुख बाईंनीही पाहिलं. तिथं धाकटी बसली होती, मांडीवर पिशवी, वय वर्षं चौसष्ट.

“माझा?” धाकटी म्हणाली.

तिनं पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, उठली आणि काचेला नाक लागेपर्यंत पुढं गेली. आता हसेल किंवा चिडेल, ताईला वाटलं. दोन्हीची तयारी होती.

“म्हणजे तू बघायचीस,” पाठमोरीच धाकटी म्हणाली. “मला वाटायचं, तू ट्रंकेचं कुलूपच बघत असतेस.”

“बघायचे ना गं. प्रत्येक वेळी. तू इतकी चिडलेली असायचीस, आणि मी सगळं तुझ्या अंगावर टाकून निघून जात होते. माझ्याच्यानं कधी बोलवलं नाही. ते बोलायचं राहिलं म्हणून मग हे असं काढलं.”

धाकटी वळली. “चिडलेली? मी कशाला चिडेन?” ती म्हणाली, आणि ताईला पहिल्यांदाच कळलं की आपण हा चेहरा इतकी वर्षं पाहिला, रेघ न रेघ उतरवला, पण वाचला चुकीचा. “मला यायचं होतं तुझ्याबरोबर. पंधरा दिवस तरी. आईला मावशी ठेवून घेणार होती, मी विचारून ठेवलं होतं तिला. दर वेळी वाटायचं, आता चल म्हणशील. जाड तळाचे बूटसुद्धा आणले होते मी, डोंगरात चालायला म्हणून. तुला दिसावेत म्हणून दारातच ठेवायची, तुझ्या ट्रंकेला लागून.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. ताईनं डोळे मिटले. सगळं तिथंच होतं, जसंच्या तसं: दाराची चौकट, कडीचा गंज, ट्रंकेच्या कोपऱ्यातली खोच, धाकटीच्या खांद्यावर डावीकडून पडलेलं ऊन, हनुवटी, मिटलेले ओठ. मनातल्या मनात ती इंचाइंचानं खाली आली, उंबऱ्यापर्यंत आली, ट्रंकेच्या तळापर्यंत आली. बूट काही केल्या तिला दिसेनात.